पास्ट लाइफ रिग्रेशन केलंय का कुणी? पुनर्जन्मावर विश्वास नसला तरी उपयोग होतो का?

आभाळवेडी:

नमस्कार मंडळी, आतापर्यंत नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या. विषय जरा विचित्र आहे, लगेच टिंगल करू नका प्लीज.

माझं असं होतं की घरातलं कुणी बाहेर गेलं आणि फोन उचलला नाही की माझ्या डोक्यात थेट "संपलं" असंच येतं. उशीर झाला असेल, फोन सायलेंटवर असेल, असे मधले टप्पेच नाहीत. नवरा मीटिंगमध्ये असतो, मीटिंगमध्ये आहे हे मला माहीत असतं, तरी दोन-तीन मिस्ड कॉल झाले की माझे हात गार पडतात आणि तोवर मी मनातल्या मनात कुणाकुणाला कळवायचं, मुलाला कसं सांगायचं इथपर्यंत जाऊन आलेली असते. मग त्याचा फोन येतो, "अगं काय झालं एवढं?" आणि मी त्याच्यावरच भडकते. हे लहानपणापासूनचं आहे. शाळेतून आल्यावर आई समोर दिसली नाही की मी दारातच दप्तर टाकून रडायला लागायचे म्हणे. बरं, लहानपणी कुणी अचानक गेलं, मी कुठे हरवले, असं काही घडलेलंच नाही, आईबाबांना खोदून खोदून विचारून झालं.

मध्यंतरी काउन्सेलिंग घेतलं होतं, श्वासाचे व्यायाम वगैरे करून थोडा फरक पडला, मग कामाच्या गडबडीत बंद झालं ते झालंच.

आता ऑफिसमधल्या मैत्रिणीने हे पीएलआर, म्हणजे संमोहन करून मागच्या जन्मात नेतात म्हणे ते पास्ट लाइफ रिग्रेशन, केलं आणि ती खरंच पुष्कळ शांत झालीये, हे मी डोळ्यांनी बघतेय. तिच्याकडून नंबर घेऊन त्या थेरपिस्टशी बोलले. माझं सांगून पूर्ण व्हायच्या आत त्या म्हणाल्या, या जन्मात कारण सापडत नाही ना, म्हणजे ते मागच्या जन्मातलं आहे, तुमचं कुणीतरी अचानक गेलंय, निरोप राहून गेलाय, आणि ती व्यक्ती या जन्मातही तुमच्या आसपासच असणार. अंगावर काटा आला माझ्या. चांगला की वाईट ते अजून कळलेलं नाही.

नवऱ्याचं म्हणणं, "कर की, पण परत येऊन मीच मागच्या जन्मीचा व्हिलन होतो असं सांगू नकोस म्हणजे झालं."

तर विचारायचं हे की तिथे नेमकं करतात काय? माझा पुनर्जन्मावर धड विश्वास नाही आणि धड अविश्वासही नाही, तरी चालतं का? जे दिसतं ते खरं असतं का मनाचे खेळ? आणि मुख्य म्हणजे यातून आणखी काही बिघडू शकतं का? अनुभव असेल तर जरा सविस्तर लिहा.

नदीकाठ:

मी केलंय. काय होतं ते सांगते, खरंखोटं तू ठरव.

आडवं झोपवतात, डोळे मिटायला लावतात, पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेक भाग सैल सोडायला सांगतात. मग एक जिना, त्या दहा ते एक आकडे मोजणार आणि आपण एकेक पायरी उतरायची. खाली लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना दारं, जे ओढ लावेल ते दार उघडायचं. आत गेल्यावर पहिला प्रश्न "पायांकडे बघा, पायात काय आहे?" हा प्रश्न म्हणे सगळेच विचारतात. माझ्या पायात काहीच नव्हतं, चिखल होता, बोटांमध्ये भरलेला, ओला, थंड. आत्ता लिहितानाही जाणवतोय. झोप वगैरे नसते बरं का, बाहेरचे आवाज नीट ऐकू येत होते, मध्येच नाक खाजवलंसुद्धा मी.

पुढे पाणी दिसलं, मोठी नदी, संध्याकाळ, आणि काठावर बसलेला एक म्हातारा माणूस. होडी यायची वाट बघत होता आणि मला माहीत होतं की होडी येणार नाही. बस, एवढंच. लढाया नाहीत, राजवाडे नाहीत. पण मी जी रडायला लागले ती थांबेचना, हुंदके देऊन, अक्षरशः कान भरेपर्यंत, कारण आडवं असल्यावर पाणी कानात जातं. त्यांनी मला बराच वेळ रडू दिलं, मग म्हणाल्या त्याला काय सांगायचं राहिलंय ते सांगा. मी सांगितलं. काय ते इथे नाही लिहीत.

आता मागची गोष्ट. माझे बाबा गेले तेव्हा मी रडलेच नव्हते. सगळी कामं माझ्यावर होती, येणारेजाणारे, कागदपत्रं, आईला सांभाळणं, आणि जो तो "किती खंबीर आहे पोरगी" म्हणत होता, मग रडायची सोयच राहिली नाही. नंतर कितीतरी काळ छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं, ईसीजी सगळे नॉर्मल. त्या सेशननंतर मी घरी येऊन लहान मुलासारखी झोपले आणि छातीवरचं ते पुष्कळ कमी झालं.

मागचा जन्म होता का? मला नाही वाटत. मला वाटतं ते बाबाच होते, पण "बाबांसाठी रड" असं कुणी सरळ म्हटलं असतं तर मी नसते रडले, डोळे पुसून "मी ठीक आहे" म्हटलं असतं. परक्या म्हाताऱ्यासाठी रडता आलं.

तेव्हा विश्वास नसला तरी चालतं, माझाही नव्हता. पण फोनवर तुझं ऐकून न घेताच निदान सांगणारी बाई मला नाही पटली. माझ्या बाईंनी पहिल्या भेटीत नुसतं ऐकून घेतलं होतं.

चष्मेबहाद्दर:

टिंगल करणार नाही, वचन. पण "जे दिसतं ते खरं असतं का" हा प्रश्न विचारलाच आहे तर उत्तर घ्या.

१९८२ मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ६० विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाला संमोहनाआधी सांगितलं की ही फार भारी नवी थेरपी आहे, तुम्ही मागच्या जन्मात जाल. दुसऱ्याला सांगितलं की दिसेल किंवा दिसणार नाही, बघू. तिसऱ्याला सांगितलं की हे सगळं थोतांड आहे, शहाण्या माणसाला काही दिसत नसतं. पहिल्या गटात ८५ टक्क्यांना मागचा जन्म दिसला, दुसऱ्यात ६० टक्क्यांना, तिसऱ्यात फक्त १० टक्क्यांना. संमोहन तिन्ही गटांना मिळालं, फरक फक्त आधी काय सांगितलं याचा. आता त्या फोनवरच्या बाईंनी तुम्हाला काय सांगून ठेवलंय ते परत वाचा. तुमचं सेशन फोनवरच सुरू झालंय ताई.

कॅनडात निकोलस स्पॅनोस या मानसशास्त्रज्ञांनी हेच काम आणखी पुढे नेलं, १९९१ मध्ये त्यांचा पेपर आला. लोकांना दिसलेले तपशील इतिहासाशी ताडून बघितले तर साध्या साध्या गोष्टी चुकलेल्या. एकजण ज्युलियस सीझर होता, इसवी सन ५० मधला, रोमचा सम्राट. आता सीझरचा खून झाला इसवी सनपूर्व ४४ मध्ये आणि तो बिचारा सम्राट कधी झालाच नाही. शाळेतला इतिहास अर्धवट लक्षात राहिलेल्या माणसाचा पूर्वजन्मही अर्धवटच येणार, दुसरं काय.

आणि ज्या केसमुळे हे सगळं खूळ अमेरिकेत घरोघरी पोचलं ती ब्रायडी मर्फीची. १९५२ मध्ये कोलोरॅडोत एका हौशी संमोहनकाराने एका गृहिणीला मागे नेलं, ती १९व्या शतकातली आयर्लंडची ब्रायडी मर्फी म्हणून बोलायला लागली, आयरिश ढंगात, गाणी वगैरे म्हणत. १९५६ मध्ये त्यावर पुस्तक आलं, धो धो खपलं. मग पत्रकार कामाला लागले. आयर्लंडमध्ये अशी बाई असल्याची नोंद सापडेना, पण शिकागोत या गृहिणीच्या लहानपणीच्या घरासमोर एक आयरिश बाई राहत होती असं निघालं, आणि तिचं लग्नाआधीचं नाव काय, तर ब्रायडी मर्फी. त्या गृहिणीने ठरवून फसवलं असं कुणी म्हणत नाही. ऐकलेलं असतं, कुठे ऐकलं ते विसरलेलं असतं, आणि वर येतं तेव्हा ते स्वतःचं वाटतं.

नदीकाठ यांना बरं वाटलं, आनंद आहे. पण बरं वाटणं हा पुरावा नव्हे, एवढंच.

नदीकाठ:

@चष्मेबहाद्दर, मी पुरावा म्हणून लिहिलंच नव्हतं हो. वर स्पष्ट लिहिलंय की मला मागचा जन्म वाटत नाही. पूर्ण वाचत चला.

नाव_नको:

या विषयावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण "ती व्यक्ती या जन्मातही आसपास असणार" हे वाचलं आणि राहवलं नाही.

माझी बहीण. लग्नाला बरीच वर्षं झालेली, नवरा अबोल पण सरळ, दोघांची किरकोळ कुरबुर सोडली तर ठीक चाललेलं. तिला झोप येत नव्हती म्हणून एका ठिकाणी गेली, नाव घेत नाही. तिथे तिला दिसलं की ती बाळंतीण आहे आणि एक माणूस तिला बंद घरात सोडून निघून जातोय. इथवर ठीक. मग त्या माणसाने, म्हणजे थेरपिस्टने, विचारलं, "त्याच्या डोळ्यांत बघा, या जन्मातलं कोण आहे हे?" आता एवढं रडून झाल्यावर, डोळे मिटलेले असताना, असा प्रश्न आला की कुणाचं तरी तोंड समोर येणारच ना? तिच्यासमोर भावजींचं आलं.

घरी आली ती वेगळीच. भावजी दार उघडून बाहेर पडले की ती त्या दाराकडे बघत बसायची. ऑफिसमधून उशीर झाला की "तू सोडूनच जाणार होतास" असं बोलायला लागली. त्यांना कळेना आपण काय केलं. केलंच नव्हतं काही! तुमच्यावर चोरीचा आळ आला तर तुम्ही निदान घर उघडून दाखवाल, पण मागच्या जन्मातल्या गुन्ह्याबद्दल माणसाने काय सफाई द्यायची? तिथल्याच सल्ल्याने माफ करण्याचं म्हणून आणखी सेशन झाली, म्हणजे न केलेल्या गोष्टीबद्दल त्यांना माफी मिळाली, ती वेगळीच. वर "कर्माचा हिशोब संपायला वेळ लागतो" हे आहेच. आज दोघं एका घरात आहेत, पण पूर्वीसारखं नाही.

आभाळवेडी, तुझ्या नवऱ्याने गंमतीत म्हटलंय ते गंमतीत घेऊ नकोस.

अनाहत:

माझा पुनर्जन्मावर पूर्ण विश्वास आहे, अगदी लहानपणापासून आणि विचार करूनही. तरीही या पीएलआरच्या मी विरोधात आहे आणि माझी कारणं चष्मेबहाद्दर यांच्यापेक्षा वेगळी आहेत.

पूर्वजन्माचं ज्ञान होतं असं पतंजलींनी म्हटलंय, योगसूत्रांच्या तिसऱ्या भागातलं म्हणजे विभूतिपादातलं १८वं सूत्र, संस्कारसाक्षात्करणात् पूर्वजातिज्ञानम्. पण ते कुणाला आणि कशाने? संस्कारांवर संयम (म्हणजे धारणा, ध्यान आणि समाधी एकत्र) साधलेल्या योग्याला, स्वतःच्या साधनेने. सोफ्यावर आडवं पडून दुसऱ्याने उलटे आकडे मोजल्यावर नव्हे. आणि त्याच पादात पुढे या सिद्धी समाधीच्या वाटेत अडथळा ठरतात असंही सांगून ठेवलंय, ते कुणी सांगत नाही.

दुसरं, गीतेचा चौथा अध्याय बघा. भगवंत म्हणतात, माझे आणि तुझे पुष्कळ जन्म होऊन गेले, मला ते सगळे ठाऊक आहेत, तुला नाहीत. बरं, समोर अर्जुन कसा बसलाय? हातपाय गळालेले, तोंड कोरडं पडलेलं, धनुष्य हातातून सुटलेलं, आजच्या भाषेत चक्क पॅनिक अटॅक. आणि ज्याला याचे सगळे जन्म माहीत आहेत तो काय करतो? एकाही मागच्या जन्माची गोष्ट सांगत नाही. आत्ता समोर काय आहे आणि तू काय करायचंस, यावरच बोलतो. माझ्या मते यात सगळं आलं. प्रत्येक जन्मातली आई, मुलं, वैरी, सगळे आठवत राहिले तर माणूस वेडा होईल. विसर पडतो ती कृपा आहे, ती उकरून कशाला काढायची?

मात्र चष्मेबहाद्दर, सगळाच पुनर्जन्म थोतांड असं सरसकट ठरवू नका. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या इयान स्टीव्हन्सन यांनी आयुष्य घालवून लहान मुलांच्या अशा आठवणींच्या केसेस गोळा केल्या, हजारोंनी, तेही वाचा.

चष्मेबहाद्दर:

अनाहत, अर्जुनाचा मुद्दा आवडला, हे मी म्हणतोय यावरून काय ते समजा :)

स्टीव्हन्सन वाचलेत. त्यांच्या केसेस म्हणजे दोन ते पाच वर्षांची मुलं आपणहून बोलायला लागतात अशा. त्यातही घोळ आहेत, घरच्यांनी आधीच दोन्हीकडची माहिती जुळवलेली असते वगैरे, पण माणूस कष्टाळू होता हे मान्य. गंमत म्हणजे संमोहनातून निघणाऱ्या पूर्वजन्मांवर त्यांचाच भरवसा नव्हता, त्यातलं बहुतेक कल्पनेचं काम आहे असंच ते सांगायचे. आणि पीएलआरवाले त्यांचंच नाव आपल्या पाटीवर लावतात.

रिकामी_खुर्ची:

मी समुपदेशक आहे, पीएलआर करत नाही, त्यामुळे माझं म्हणणं कुठल्या बाजूने येतंय ते लक्षात घेऊन वाचा. लांबलचक होणार आहे.

आधी नदीकाठ यांना बरं का वाटलं ते. शरीर सैल झालेलं, डोळे मिटलेले, समोर एक माणूस सगळं लक्ष आपल्याकडे देऊन बसलेला आणि रडलं तर कुणी "खंबीर हो" म्हणणार नाही, ही परिस्थिती स्वतःच मोठं औषध आहे आणि बऱ्याच जणांना ती आयुष्यात मिळतच नाही. वर गोष्ट दुसऱ्याच कुणाची तरी, त्यामुळे लाज नाही, अपराध नाही. लहान मुलांबरोबर आम्ही बाहुल्या घेऊन हेच करतो, "बाहुलीला कशाची भीती वाटते?" असं विचारलं की मूल बोलायला लागतं.

आत्ताच्या भावनेचा धागा धरून मागच्या प्रसंगाकडे जायचं हे तंत्र पूर्वजन्मवाल्यांचं नाहीच. जॉन वॉटकिन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये ते 'अफेक्ट ब्रिज' नावाने मांडलं, ते याच जन्मासाठी होतं. भीतीदायक प्रसंग डोळ्यांसमोर आणून त्याचा शेवट कल्पनेत बदलायचा, राहिलेलं बोलून टाकायचं, हेही आजच्या मानसोपचारात चालतं, इमेजरी रिस्क्रिप्टिंग म्हणतात. पण तिथे थेरपिस्ट पेशंटला हे खरंच घडलं असं सांगत नाही. दोघांनाही माहीत असतं की आपण कल्पना वापरतोय. पीएलआरमध्ये ही रेघ पुसली जाते, आणि माझा आक्षेप सगळा तिथेच आहे.

कारण संमोहनात आठवण उघडते असा जो समज आहे तो चुकीचा आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९८५ मध्ये यावर अहवाल दिला होता की संमोहनाने निघालेल्या आठवणी साध्या आठवणींपेक्षा जास्त भरवशाच्या नसतात. उलट होतं काय, तर माणसाची खात्री वाढते. चूक असो की बरोबर, तो छातीठोकपणे सांगायला लागतो. नाव_नको यांच्या बहिणीचं हेच झालं असणार, भावजींचा चेहरा "सुचला" असं तिला वाटलंच नाही, "आठवला" असं वाटलं. आणि आठवलेल्या गोष्टीशी वाद घालता येत नाही. २००९ मध्ये एक अभ्यास आला होता, पूर्वजन्म आठवतो म्हणणाऱ्या लोकांना शब्दांच्या याद्या ऐकवल्या, तर यादीत नसलेला पण जवळचा शब्द "ऐकला होता" असं सांगण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त निघालं. म्हणजे ही माणसं खोटारडी किंवा वेडी आहेत असं नाही, हा हा, तसा अर्थ काढू नका. चित्र पटकन आणि स्पष्ट उभं करणारी बुद्धी असली की कल्पना आणि आठवण यांच्यातलं अंतर कमी होतं, एवढंच.

बिघडू शकतं का, तर हो. ज्यांना भास होतात, ज्यांना पूर्वी मॅनिया (अति उत्तेजित अवस्था) किंवा सायकोसिस (वास्तवाशी संबंध तुटणं) होऊन गेलाय, ज्यांचं मध्येच भान सुटतं, वेळ हरवते, त्यांनी या वाटेला जाऊच नये. आणि आत खरंच या जन्मातला आघात दबलेला असेल तर तो एकदम वर आल्यावर सावरता येईल असं माणूस समोर हवं, नुसता कोर्स केलेला नको. अशा आघातासाठी ट्रॉमावर काम करणारी सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणीवर काम करणारी) या दोन पद्धती जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सुचवल्या आहेत, म्हणजे पर्याय नाहीत असं नाही.

आता आभाळवेडी, तुमचं. इथे बसून निदान करता येत नाही आणि करणारही नाही. पण "या जन्मात कारण सापडत नाही" या वाक्याला तुम्ही फार महत्त्व दिलंय असं वाटतं. चिंतेला दर वेळी एखादी घटना लागतेच असं नाही. काही मुलं जन्मतःच जास्त सावध स्वभावाची असतात, त्यात घरात कुणी काळजी करणारं असलं की ते पक्कं होतं. जवळची माणसं दूर गेली की होणारी ही चिंता पूर्वी लहान मुलांचीच समजली जायची, २०१३ च्या डीएसएम-५ पासून (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) ती मोठ्या वयातही सुरू होऊ शकते असं धरलं जातं. थोडक्यात तुम्ही काही जगावेगळ्या नाही.

आणि कारण सापडण्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ते आज कशावर चालू आहे. तुम्हीच लिहिलंय बघा. फोन, परत फोन, हात गार, मग त्याचा आवाज ऐकला की एकदम हुश्श. ते हुश्श इतकं गोड असतं की मेंदू धडा घेतो, मी इतके फोन केले म्हणून तो वाचला. पुढच्या वेळी आणखी जोरात घंटा वाजवतो. यावर काम होतं, आणि मागचा जन्म न शोधता होतं.

आभाळवेडी:

बाप रे, एवढं सगळं! खरंच आभार सगळ्यांचे. "मी इतके फोन केले म्हणून तो वाचला" हे वाचून मी जरा वेळ नुसती बसूनच राहिले, कारण हे असंच्या असं मला वाटतं आणि मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

नाव_नको, तुमच्या बहिणीचं वाचून वाईट वाटलं. आणि खरं सांगू का, त्या बाईंनी "आसपासच असणार" म्हटल्यापासून मी नकळत घरातल्यांकडे तसं बघायला लागलेय, कोण असेल बरं, मुलगा? सासूबाई? सेशन व्हायच्या आधीच!

तरी एक विचारते, रागावू नका. नदीकाठला जसं रडायला मिळालं तसं मलाही हवंय कुठेतरी. काउन्सेलिंगमध्ये मी फार शहाण्यासारखी बोलत बसते. समजा गेलेच, तर कुणाकडे जावं, काय विचारून घ्यावं?

रिकामी_खुर्ची:

रागवायचं काय त्यात, रास्त प्रश्न आहे. जाणारच असाल तर आधी विचारा की मानसशास्त्राचं किंवा मानसोपचाराचं रीतसर शिक्षण आहे का, आणि संमोहन सोडून आणखी काय करता, कारण ज्याच्याकडे एकच हत्यार असतं त्याला सगळ्यांचं दुखणं एकाच जागी दिसतं. मला काहीच दिसलं नाही तर काय, हे विचारा. "दिसणारच" किंवा गॅरंटी असं उत्तर आलं तर फोन ठेवा. या जन्मातल्या माणसांची ओळख पटवायला लावू नका असं आधीच स्पष्ट सांगा आणि त्याला नाही म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. चालू असलेली गोळी बंद करा म्हणणाऱ्याकडे तर अजिबात नाही. सगळ्या सेशन्सचं पॅकेज आधीच पैसे भरून घ्यायला लावत असतील तर तेही मला खटकतं.

आणि शहाण्यासारखं बोलत बसता ना, मग हेच वाक्य तुमच्या काउन्सेलरला सांगा. "मी इथे शहाण्यासारखी बोलते आणि मला रडायचंय." त्यातून पुढे काय होतं बघा. माझ्यासमोर असं कुणी म्हटलं तर त्या दिवशीचं बाकी सगळं मी बाजूला ठेवेन.

नदीकाठ:

एक राहिलं. रेकॉर्डिंग नक्की माग. माझ्याकडे होतं, खूप नंतर ऐकलं. मी इथे लिहिलंय ना की पुढे पाणी दिसलं, तर रेकॉर्डिंगमध्ये आधी बाईंचाच आवाज आहे, "आसपास पाणी आहे का बघा." मग माझी नदी. बाई चांगल्याच होत्या, मुद्दाम नसेल केलं, पण आलं तिकडून. म्हातारा मात्र माझा मीच आणला होता, त्याबद्दल त्या काही बोललेल्या नाहीत, दोनदा ऐकून खात्री केली.

चष्मेबहाद्दर:

हे मूळ प्रतिसादात लिहिलं असतंत तर माझा अर्धा प्रतिसाद वाचला असता की हो. आणि चिखल? तोही तुमचाच?

नदीकाठ:

चिखल माझाच. त्यांनी फक्त पाय विचारले होते.

अनाहत:

अवांतर: पॅनिक अटॅक म्हटल्याबद्दल मला एकाने व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून झापलंय. मूळ श्लोक बघा म्हणावं, पहिल्या अध्यायात गात्रं गळतायत, तोंड सुकतंय, अंग कापतंय, त्वचेचा दाह होतोय, उभं राहवत नाही, मन भ्रमल्यासारखं होतंय, सगळी लक्षणं ओळीने दिलेली आहेत.

आभाळवेडी:

जुन्या काउन्सेलरना मेसेज केलाय, पुढच्या आठवड्यात बोलावलंय. त्या दुसऱ्या बाईंना फोन करून रिकामी_खुर्ची यांनी सांगितलेलं माणसं ओळखण्याबद्दलचं विचारलं, तर म्हणाल्या "ते केल्याशिवाय हीलिंग पूर्णच होत नाही." मग नाही म्हणून सांगितलं.

एक छोटी शंका, फोन लावायचा थांबवायचा म्हणजे एकदम बंद करायचा का? ते नाही जमणार मला.

रिकामी_खुर्ची:

एकदम नाही. पहिला फोन करा, तो नाही उचलला तर दुसरा लगेच न करता पाच मिनिटं घड्याळ लावून थांबा, आणि त्या पाच मिनिटांत हातापायांना काय काय होतंय ते कागदावर लिहा, नुसतं लिहा, शांत व्हायचा प्रयत्न करू नका. ते जमायला लागलं की दहा. नवऱ्याला यातलं आधी सांगून ठेवा आणि एक विनंती करा की त्याने मध्येच दया येऊन "मी ठीक आहे" असा मेसेज टाकू नये, नाहीतर सगळ्यावर पाणी. कागद काउन्सेलरकडे घेऊन जा, त्यांना त्यातून पुढचं काम ठरवता येईल.